सान सेबास्तियनला मुक्काम आहे, गाडी नाही, बरोबर आई-बाबा आहेत. आसपास एका दिवसात कुठं जाऊन येता येईल?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस सान सेबास्तियनला (उत्तर स्पेनच्या बास्क प्रांतात, फ्रान्सच्या सीमेजवळ) आहात, आई-बाबा शाकाहारी आहेत (अंडं चालतं), बाबांचे गुडघे दुखतात, गाडी भाड्यानं घ्यायची नाही. आणि यादीत तीन नावं आहेत : बिल्बाओ, गास्तेलुगाचे, बिआरित्झ. मी कामानिमित्त याच शहरात राहते, म्हणून स्पष्टच सांगते. ती यादी तूर्तास बाजूला ठेवा. इथून पूर्वेला वीस आणि पश्चिमेला तीस किलोमीटर, एवढ्याच किनारपट्टीत इतकं काही आहे की चार दिवस कमी पडतील, आणि सगळीकडे रेल्वे, बस नाहीतर छोट्या होडीनं जाता येतं. दुसरं म्हणजे, कुठल्या दिवशी कुठं जायचं हे हॉटेलच्या खोलीत बसून ठरवू नका. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बिस्केच्या उपसागरात उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास वर-खाली होते. सकाळी जिथं वाळूवर चालता येतं तिथं संध्याकाळी लाटा भिंतीवर आदळत असतात. इथली अर्धी ठिकाणं पाण्याच्या वेळेवर दिसतात किंवा दिसत नाहीत.

एकच दिवस हातात असता तर मी तुम्हाला डोळे मिटून सुमायाला पाठवलं असतं. (नकाशावर झेडपासून शोधा, उच्चार मात्र ‘स’.) एउस्कोत्रेनची, म्हणजे बास्क प्रांताच्या स्थानिक रेल्वेची, गाडी पाऊण तासाच्या आसपास तिथं पोचवते. हे स्थानक शहरातच आहे. माद्रिदच्या गाड्या येतात ते रेन्फेचं (स्पेनच्या राष्ट्रीय रेल्वेचं) मोठं स्थानक वेगळं, नदीच्या पलीकडे, त्यात गल्लत करू नका. सुमायात उतरून चालत गावातून गेलं की इत्सुरुनचा किनारा लागतो, आणि समोर कडा उभा राहतो. तो कडा म्हणजे दगडाच्या हजारो पातळ पट्ट्या, एकीला एक चिकटलेल्या, जवळजवळ उभ्या. कठीण चुनखडी आणि मऊ मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुनखडीचा दगड), आलटून पालटून. मऊ थर समुद्रानं झिजवलाय, कठीण थर पात्यासारखा पुढं आलाय. बोट ठेवून बघा : एक पट्टी खडबडीत, शेजारची हाताला मातीसारखी भुसभुशीत. हे सगळं एके काळी खोल समुद्राच्या तळाशी आडवं साचत गेलं. चुनखडी आणि मार्लची एक जोडी साचायला साधारण वीस हजार वर्षं लागली. पुढं आयबेरियाचा भूभाग युरोपला भिडला, पिरेनीज पर्वत वर आला आणि हे थर उभे झाले. पृथ्वीच्या इतिहासातल्या दोन कालखंडांच्या अधिकृत सीमा याच किनाऱ्यावरच्या कड्यात ठरवलेल्या आहेत, आणि हा सगळा भाग 2015 पासून युनेस्कोचा जागतिक भूउद्यान आहे.

आपल्या लोकांनी हा कडा बघावाच असं मला वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. किनाऱ्याच्या पश्चिमेला अल्गोरी नावाचं टोक आहे. तिथं या थरांमध्ये काही सेंटिमीटर जाडीची एक गडद मातीची पट्टी आहे. ती साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे डायनोसॉर संपले त्या वेळची. मेक्सिकोजवळ अशनी आदळला त्याची खूण तिच्यात आहे. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर साचत होते, ज्यांतून सह्याद्री घडला. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रायगडाचा काळा पाषाण, लहानपणापासून आपण ज्यावर चढत आलो तो दगड त्या उलथापालथीतलाच. त्या विनाशात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. त्या पट्टीसमोर उभं राहून आई-बाबांना हे सांगा. नुसता सुंदर किनारा म्हणून बघण्यात आणि हे माहीत असताना बघण्यात फार फरक पडतो.

आता वेळ. ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोचा आणि पाणी चढायला लागलं की परत फिरा. कड्याच्या पायथ्याशी अडकलं तर बाहेर पडायला वाट नसते. सप्टेंबरअखेर विषुवदिन जवळ असल्यानं उधाण मोठं असतं, म्हणजे ओहोटीही खोलवर जाते. घरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा : अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत सगळ्यात मोठी ओहोटी येते, आणि त्या दिवसांत ती इथं साधारण दुपारी बाराच्या सुमारास असते. म्हणजे सकाळचा चहा निवांत घेऊन निघालात तरी चालतं. बाबांना खाली वाळूत उतरायचं नसेल तर वरच्या बाजूला सान तेल्मोचं छोटं चॅपल आहे, तिथून कडा वरून पूर्ण दिसतो. भूउद्यानातर्फे माहितगाराबरोबर पायी फेऱ्या आणि बोटीच्या फेऱ्याही असतात. बोट मिळाली तर घ्याच, समुद्रातून हे थर एका नजरेत कळतात.

सुमायाहून परतताना बसनं गेतारियाला उतरा; या गावाला रेल्वे नाही. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1522 मध्ये स्पेनला परतला तो हुआन सेबास्तियन एल्कानो इथला. फॅशनवाला बालेन्सियागाही इथलाच, त्याचं संग्रहालय 2011 पासून आहे. चर्चमध्ये पाच मिनिटं डोकवा : जमीनच तिरकी आहे, वेदीकडे चढत जाते. तिथून सराउत्सपर्यंत समुद्राला लागून चारेक किलोमीटरची सपाट फरसबंद वाट आहे. बाबा ही सहज चालतील. सराउत्सहून परत रेल्वे.

दुसरा दिवस पसाइयाला द्या. हे शहराच्या शेजारीच आहे, आणि म्हणूनच पर्यटक त्याला वगळून पुढं जातात. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून समुद्र आत शिरतो, मोठी मालवाहू जहाजं घरांच्या खिडक्यांपुढून जातात. एका काठाला सान पेद्रो, दुसऱ्या काठाला दोनिबाने, आणि मध्ये दिवसभर ये-जा करणारी छोटी होडी. पाच मिनिटंही लागत नाहीत. दोनिबानेला एकच लांब गल्ली आहे, ती घरांच्या खालून बोगद्यासारखी जाते. व्हिक्टर ह्युगो 1843 मध्ये इथं राहिला होता, ते घर बघता येतं. सान पेद्रोच्या बाजूला अल्बाओला नावाची जहाजबांधणीची कार्यशाळा आहे. सोळाव्या शतकात बास्क लोक देवमाशांच्या शिकारीला थेट कॅनडापर्यंत जात. त्यांतलं ‘सान हुआन’ हे जहाज 1565 मध्ये लाब्राडोरच्या किनाऱ्यावर बुडालं, 1978 मध्ये सापडलं, आणि त्याची प्रतिकृती इथं जुन्या पद्धतीनं, ओकच्या लाकडात बांधली गेली. कोकणात होड्या बांधताना ज्यांनी बघितल्या असतील त्यांचा पाय इथून लवकर निघणार नाही. तुम्हाला स्वतःला चालायची हौस असेल तर सुरिओला किनाऱ्यावरून उलिया डोंगरावरून पसाइयाला जाणारी वाट आहे, अडीच-तीन तासांची, सगळी समुद्राच्या कडेनं. पण शेवटी बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा आई-बाबांना बसनं पाठवा आणि होडीच्या धक्क्यावर भेटा.

तिसरा दिवस सीमेचा. बसनं ओंदारिबियाला जा. वरच्या अंगाला तटबंदीतलं जुनं गाव, कार्लोस पाचव्याचा किल्ला (आता तिथं हॉटेल आहे), खालच्या अंगाला कोळीवाडा, रंगीत लाकडी सज्जे आणि कुंड्या. मला खालचा भाग जास्त आवडतो. तिथल्या धक्क्यावरून होडीत बसलात की बिदासोआ नदी ओलांडून काही मिनिटांत फ्रान्स : आंदाय गाव. त्याचा लांबलचक सपाट किनारा फिरा आणि येताना ‘तोपो’ म्हणून जी छोटी रेल्वे आहे तिनं पाऊण तासाच्या आत सान सेबास्तियनला परत. आंदायला होडीचा धक्का आणि रेल्वे स्थानक यांत दोन-अडीच किलोमीटरचं अंतर आहे, बाबांसाठी मधली बस घ्या. अंगात उत्साह असेल तर त्याच स्थानकावरून फ्रान्सची रेल्वे पकडून सँ-जाँ-द-ल्यूझला जाता येतं. तिथल्या चर्चमध्ये 1660 मध्ये चौदाव्या लुईचं स्पेनच्या राजकन्येशी लग्न झालं, आणि ते ज्या दारातून बाहेर पडले ते दार नंतर चिणून टाकलं. भिंतीत त्याची चौकट दिसते. हे गाव बघितल्यावर बिआरित्झची चुटपुट लागणार नाही.

या दिवशी तिघांचेही मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नको. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यानं व्हिसाचा प्रश्न येत नाही, एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी तो संपत नाही. पण फ्रान्सच्या बाजूला पोलीस गाडीत चढून कागद तपासतात, आणि आपल्यासारख्यांकडे हमखास मागतात.

चौथा दिवस शहरालाच ठेवा, कारण रोज बाहेर पळालात तर ज्यासाठी इथं मुक्काम केला तेच राहून जाईल. ओहोटीच्या वेळी ला कोंचाच्या वाळूवरून चालत ओंदारेताच्या किनाऱ्यावर जाता येतं. भरतीला मधल्या खडकापाशी वाळू पाण्याखाली जाते. टोकाला एदुआर्दो चिलीदाची लोखंडी शिल्पं कड्यात रोवलेली आहेत, ‘वाऱ्याची फणी’ नावाची. तिथं मात्र भरतीलाच जा, समुद्र खवळलेला असेल तर उत्तमच : फरशीला भोकं ठेवली आहेत, खाली लाट आपटली की त्यांतून हवा आणि पाणी हुंकार देत वर येतं. तिथून जवळच इगेल्दो डोंगरावर नेणारी 1912 पासूनची दोरखंडाची रेल्वे आहे, बाबांना डोंगर न चढता ला कोंचाचा अख्खा उपसागर दिसेल. जुन्या गावात ‘31 ऑगस्ट’ नावाचा रस्ता आहे. 1813 मध्ये नेपोलियनच्या फौजेकडून शहर सोडवायला आलेल्या इंग्रज-पोर्तुगीज सैनिकांनीच ते लुटलं आणि जाळलं, त्यातून एवढीच एक गल्ली वाचली.

तुम्ही गोव्याशी संबंधित आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तसं असेल तर यांतला एखादा दिवस कमी करून आस्पेतियाजवळचं लोयोला बघा, बसनं तासाभराच्या अंतरावर. जेझुइट पंथाचे संस्थापक इग्नेशियस 1491 मध्ये तिथं जन्मले. त्यांचं दगड-विटांचं घर बासिलिकेच्या संकुलात तसंच राखून ठेवलंय. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर त्यांचे पॅरिसमधले सोबती, शेजारच्या नावारा प्रांतातले. 1542 मध्ये ते गोव्यात उतरले.

बिल्बाओ वाईट नाही, तिथलं गुगेनहाइम कलासंग्रहालय बघण्यासारखंच आहे. पण विमान बिल्बाओचंच असेल तर ते येण्या-जाण्याच्या दिवसाला जोडा. आणि जायचंच झालं तर बसनं जा, सव्वा-दीड तास लागतो. एउस्कोत्रेननं अडीच तासांच्या वर. गास्तेलुगाचेला मात्र या वेळी नाहीच म्हणेन. गाडीशिवाय इथून अख्खा दिवस प्रवासात जातो आणि शेवटी 241 पायऱ्या आहेत.

जेवणाचं आधीच सांगून ठेवते, कारण इथं आपल्या माणसांचे हाल होतात ते याच बाबतीत. बारच्या फळीवर मांडलेल्या पिंचोंमध्ये (पावाच्या तुकड्यावरचे छोटे खाद्यपदार्थ) बहुतेक सगळ्यात मासे किंवा हॅम असतं. ‘एन्सालादा मिक्स्ता’ (मिश्र सॅलड) मागवलं तर वर टूना येतो. ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅमचे तुकडे पडू शकतात, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं तिन्ही सांगा. बटाटा-अंड्याची तोर्तिया सगळीकडे मिळते आणि छान असते. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून वर जाडं मीठ घालून देतात, सप्टेंबरात त्या ताज्या असतात, तिखट नसतात. परतलेली अळंबी बऱ्याच ठिकाणी मिळते. तोलोसाचा काळा राजमा प्रसिद्ध आहे पण तो सहसा सॉसेजबरोबर शिजवतात, विचारूनच घ्या. इदियाझाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज चविष्ट असतं, पण ते विरजायला प्राणिज रेनेट (जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण) वापरतात. आई कडक पाळत असतील तर टाळा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मध्ये स्वयंपाकघरं बंद. आई-बाबांसाठी पिशवीत काहीतरी असू द्या.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथं चित्रपट महोत्सव असतो, खोल्या महाग होतात आणि भरतात, तेव्हा आरक्षण आजच करा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. पाऊस कधीही येतो, बारीक आणि चिवट; वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं जॅकेट आणा. तारखा नक्की झाल्या की कळवा, त्या दिवसांच्या ओहोटीच्या वेळा बघून सुमायाला कुठला दिवस द्यायचा ते सांगते.