माल आपला, खाते त्यांचे. मग विक्रीचे आकडे कोणाचे?

प्रश्न (सोलापूर) : आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा घाऊक व्यवसाय आहे. आमच्याकडून माल घेऊन चार विक्रेते तो ॲमेझॉनवर विकतात. किती विकले गेले याचा एक्सेल तक्ता ते रात्री व्हॉट्सॲपवर पाठवतात, कधी विसरतातही. गेल्या दिवाळीआधी एका विक्रेत्याकडचे मरून टॉवेल संपल्याचे आम्हाला नऊ दिवसांनी कळले. तोवर आमच्या मागांवर दुसऱ्याच रंगाचे बीम चढले होते. एपीआयच्या मदतीने हे आकडे आपोआप मिळतात असे समजले. ते काम करून देतो म्हणणाऱ्या एका तंत्रज्ञाने चारही विक्रेत्यांचे पासवर्ड मागितले आहेत. ते घेऊन द्यावेत का?

उत्तर : पासवर्ड देऊ नयेत, आणि एखादा विक्रेता भिडेखातर देत असेल तर आपणच घेऊ नये. त्या पासवर्डाने उघडणाऱ्या खात्यात विक्रीच्या आकड्यांबरोबर बँकेचा तपशील, किमती बदलण्याचा अधिकार आणि ग्राहकांचे पत्ते, असे सारे काही असते. आपल्याला यातले फक्त आकडे हवे आहेत. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे ठरावीक नमुन्यात माहिती मागण्याची खिडकी. आणि तिचा खरा उपयोगच हा, की पासवर्ड हाती न देता, नेमकी तेवढीच माहिती, खातेदाराच्या संमतीने, आणि त्याला हवी तेव्हा बंद करता येईल अशा रीतीने देता येते.

मात्र तंत्राआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. टॉवेल आपण विणला असला तरी ॲमेझॉनच्या दृष्टीने त्या विक्रीत आपण कोणी नाही. ॲमेझॉनसारख्या, परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठ-मंचाला भारतात स्वतः मालाचा साठा बाळगून तो ग्राहकाला विकता येत नाही. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१८ मधील ‘प्रेस नोट क्रमांक २’ने हे नियम आणखी कडक केले आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. त्यामुळे ग्राहकाच्या बिलावर नाव असते ते विक्रेत्याचे, आणि विक्रीची नोंदही त्याच्याच खात्यात होते. अमेरिकेत घाऊक पुरवठादाराला ॲमेझॉन थेट आकडे दाखवते, कारण तिथे ॲमेझॉन स्वतः त्याच्याकडून माल विकत घेते. तिथल्या व्यवस्थेची वर्णने वाचून आपल्याकडचे तंत्रज्ञ कधी कधी तसेच इथे होईल असे सांगतात. ते होणार नाही. आपल्याला प्रत्येक विक्रेत्याची स्वतंत्र संमती लागेल, आणि ती खरेदी-विक्रीच्या करारात एका कलमाने लिहून घेतलेली बरी : कोणत्या वस्तूंचे आकडे, किती वेळा, कशासाठी, आणि करार संपल्यावर त्या आकड्यांचे काय करायचे.

आता यंत्राकडे वळू. ॲमेझॉनच्या या सोयीचे नाव ‘सेलिंग पार्टनर एपीआय’. २०२० साली ती आली आणि तिच्याआधीची ‘मार्केटप्लेस वेब सर्व्हिस’ २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हा कोणी जुन्या सेवेच्या नावाने दरपत्रक दिले तर त्याची माहिती शिळी आहे असे समजावे. या सोयीत स्वतःच्या खात्यासाठी खासगी ॲप नोंदवता येते. दुसऱ्यांच्या खात्यांतील माहिती आपल्या ॲपने घ्यायची असेल, तर सार्वजनिक विकसक म्हणून नोंदणी, सुरक्षेविषयीची प्रश्नावली आणि छाननी यांतून जावे लागते. चार विक्रेत्यांसाठी एवढा व्याप मांडावा असे मला वाटत नाही. त्यापेक्षा प्रत्येक विक्रेत्याने स्वतःच्या खात्यासाठी खासगी ॲप नोंदवावे, आपल्या तंत्रज्ञाने त्यावर एक छोटा प्रोग्रॅम बसवून द्यावा, आणि त्या प्रोग्रॅमने रोज पहाटे ‘वस्तू, तारीख, नग’ एवढीच फाइल आपल्याकडे पाठवावी. किल्ली विक्रेत्याकडेच राहते, आणि उद्या त्याचे आपल्याशी पटले नाही तर त्याने प्रोग्रॅम थांबवला की विषय संपतो. हे ऐकल्यावर विक्रेते सहसा राजी होतात. पासवर्ड मागितल्यावर होत नाहीत.

विक्रीच्या आकड्यांसाठी ‘गेट ऑर्डर मेट्रिक्स’ नावाची एक विचारणा आहे. तिच्या उत्तरात ऑर्डरी, नग, सरासरी किंमत आणि एकूण रक्कम असते. ग्राहकाचे नाव किंवा पत्ता नसतो, आणि आपल्या कामासाठी हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. जी माहिती आपल्याला लागत नाही ती जवळ असली, तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. वस्तूनिहाय आणि दिवसनिहाय आकडे मागताना ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग आठवणीने नमूद करावा. एपीआयमधल्या वेळा एरवी यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, चालतात, आणि आपली मध्यरात्र तिच्या आदल्या दिवशीच्या १८.३० वाजता येते. तंत्रज्ञाने यूटीसीचाच दिवस धरला, तर रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळेतली आपली विक्री आदल्या दिवसाच्या नावावर पडते. एरवी हा फरक किरकोळ वाटेल, पण मोठे सेल पुष्कळदा मध्यरात्री सुरू होतात, आणि मग सेलच्या आदल्या दिवशीच मागणी उसळल्याचे चित्र तक्त्यात दिसते.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात. आपला ३० बाय ६० इंची मरून टॉवेल एका विक्रेत्याकडे एका कोडने, दुसऱ्याकडे दुसऱ्या कोडने आणि तिसऱ्याकडे चारच्या संचात नोंदलेला असेल. एपीआय त्या त्या विक्रेत्याच्या नोंदीप्रमाणे ‘१८’ असे उत्तर देईल. ते १८ टॉवेल की १८ संच, म्हणजे ७२ टॉवेल, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिल्या दिवशीच एक जुळणी-तक्ता करावा : आपला कोड, प्रत्येक विक्रेत्याचा कोड आणि एका नोंदीत किती नग. हा तक्ता प्रोग्रॅमर करू शकत नाही. तो आपल्या गोदामात वर्षानुवर्षे माल मोजणाऱ्या माणसानेच बसून करावा.

शिवाय नुसत्या विक्रीवरून मागणी कळत नाही. मरून टॉवेल संपल्यावरच्या नऊ दिवसांत विक्रीचा आकडा शून्यच दिसला असता, आणि शून्य पाहून आपण त्या रंगाचे सूत आणखी कमी घेतले असते. म्हणून विक्रीसोबत शिल्लक साठाही मागवावा. विक्रेत्याचा माल ॲमेझॉनच्या गोदामात असेल तर तिथली शिल्लक एपीआयमधून मिळते आणि ती बऱ्यापैकी विश्वसनीय असते. माल त्याच्या स्वतःच्या गोदामात असेल तर मात्र एपीआय त्याने भरलेला आकडाच परत सांगते. समजा, शिल्लक ४०० नग आहे आणि रोज सरासरी ७२ नग जातात. म्हणजे साठा साडेपाच दिवसांचा. आपल्याला सूत रंगवून, विणून, शिवून माल पाठवायला १२ दिवस लागत असतील, तर इशारा साडेसहा दिवसांपूर्वीच मिळायला हवा होता. प्रोग्रॅमकडून रोज पन्नास ओळींचा तक्ता घेण्याऐवजी असा इशाराच घ्यावा. परत आलेल्या मालाची नोंद वेगळ्या अहवालात मिळते. ती आठवड्यातून एकदा पाहिली तरी चालेल.

शेवटी देखभालीचे दोन मुद्दे. ॲपची गुप्त किल्ली दर १८० दिवसांनी बदलावी लागते. तारीख चुकली की आकडे येणे थांबते. म्हणून प्रोग्रॅमने फाइल आली नाही तर तसे कळवावे, आधीची शिळी फाइल मुकाट्याने पुन्हा पाठवू नये. आणि एका विक्रेत्याचे आकडे दुसऱ्याला कधीही दाखवू नयेत, बोलण्याच्या ओघातसुद्धा नाही. ‘अमक्याकडे तर रोज दीडशे जातात’ हे वाक्य व्यापारात फार सहज तोंडून निघते.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आम्ही भारतातून मसाले आणि पोहे आणून ॲमेझॉनला घाऊक पुरवतो. आमचे खाते व्हेंडर प्रकारचे आहे. विक्रीचा अहवाल एपीआयने मागवतो, पण आमच्या हिशेबाशी तो जुळत नाही, आणि मधूनच ४२९ अशी चूक दाखवून यंत्र थांबते.

उत्तर : आपली स्थिती वरील पत्रलेखकांहून सोपी आहे, कारण आकडे आपल्याच खात्यात आहेत. ताळमेळ न बसण्याची कारणे मी या क्रमाने तपासीन. व्हेंडर-विक्रीचा अहवाल मागताना दोन दृष्टिकोनांपैकी एक निवडावा लागतो : ‘मॅन्युफॅक्चरिंग’ निवडल्यास आपल्या ब्रँडचा जो माल ॲमेझॉनने विकला तो सर्व येतो, मग तो त्यांनी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतलेला का असेना, ‘सोर्सिंग’ निवडल्यास केवळ आपल्याकडून घेतलेल्या मालाची विक्री येते. आपण दुसऱ्यांच्या ब्रँडचे वितरक असाल तर ‘सोर्सिंग’चाच आकडा आपल्या बिलांशेजारी ठेवण्याजोगा आहे. त्यानंतर, ऑर्डर झालेला माल आणि रवाना झालेला माल हे वेगळे रकाने आहेत, आणि दोन्ही आपण ॲमेझॉनला विकलेल्या मालाहून वेगळे आहेत. आपण मार्चमध्ये दिलेली हळद ग्राहकाने मेमध्येही घेतलेली असू शकते. साप्ताहिक अहवालात आठवडा रविवार ते शनिवार असा धरतात, तेव्हा आपल्या वहीतला आठवडा सोमवारी सुरू होत असेल तर जुळणी कधीच होणार नाही. ताज्या दिवसांचे आकडे पुढे सुधारलेही जातात. म्हणून रोज फक्त कालचा दिवस न मागवता मागचा आठवडाभर पुन्हा मागवून जुन्या नोंदी बदलून घ्याव्यात.

४२९ चा अर्थ ‘फार घाईने मागता आहात’ एवढाच. अहवालाची मागणी सुरुवातीला सलग १५ वेळा करता येते, त्यानंतर मिनिटाला सुमारे एक. नकार आल्यावर लगेच पुन्हा न विचारता दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. दुसरी एक सामान्य चूक अशी, की अहवाल तयार झाल्यावर मिळणारा उतरवून घेण्याचा दुवा केवळ ५ मिनिटे चालतो, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तो जपून ठेवून नंतर वापरायला जातात. दुवा मिळाला की फाइल त्याच क्षणी उतरवावी. कालबाह्य झाल्यास अहवाल नव्याने न बनवता त्याच दस्तऐवजाचा नवा दुवा मागावा.

जाता जाता : पुरवठादाराला विक्री दाखवण्याची ही प्रथा एपीआयहून जुनी आहे. वॉलमार्टने ‘रिटेल लिंक’ १९९१ मध्ये सुरू केली, आणि ईडीआयमधला (कंपन्यांच्या संगणकांनी ठरावीक नमुन्यात एकमेकांना व्यापारी कागदपत्रे पाठवण्याची पद्धत) ८५२ क्रमांकाचा संदेश याच कामाचा आहे. आपण इतर किराणा साखळ्यांनाही माल देत असाल तर त्यांच्याकडून एपीआयऐवजी ८५२ च येण्याचा संभव बराच आहे. दोन्ही एकाच तक्त्यात येतील अशी रचना आताच करून ठेवावी.

प्रश्न (पुणे) : आमच्या फक्त सात वस्तू आहेत आणि एकच विक्रेता त्या ऑनलाइन विकतो. आम्हीही एपीआय बसवावे का?

उत्तर : नाही. विक्रेत्याने त्याच्या खात्यात आपल्याला केवळ अहवाल पाहण्याचा अधिकार असलेला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडावे. त्यात पासवर्ड आपला स्वतःचा असतो. दर सोमवारी अहवाल उतरवून सात ओळी वाचायला दहा मिनिटे लागतील. दुसरा विक्रेता जोडला जाईल तेव्हा या प्रश्नाकडे पुन्हा पाहावे. जुळणी-तक्ता मात्र आजच करावा.