इंग्रज रहस्यकथालेखिका आगाथा ख्रिस्ती यांना विषांची इतकी अचूक माहिती कोठून मिळाली आणि त्यांचे कोणते पुस्तक आधी वाचावे?

माहिती मिळाली ती औषधाच्या खिडकीमागे उभे राहून. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील टॉर्की येथील रुग्णालयात त्या आधी परिचारिका होत्या, मग तेथील औषधालयात गेल्या आणि १९१७ साली औषधनिर्मितीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात त्यांनी पुन्हा हेच काम केले. म्हणून त्यांना 'कल्पनाशक्तीची राणी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो; त्या आमच्यापैकी, म्हणजे कंपाउंडर होत्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षे औषधे दिली. नोकरीच्या दुसऱ्याच पावसाळ्यात, कपाशीवरची फवारणी जोरात असताना आणि खिडकीसमोर "कंपाउंडरभाऊ, दवाई द्या लवकर, एसटी सुटते" असा गलका चालू असताना, दीड वर्षाच्या मुलाच्या पुड्या बांधण्यासाठी एक चिठ्ठी माझ्या हाती आली. तिच्यातील दशांश चिन्ह एका घराने सरकले होते, म्हणजे मात्रा दहापट झाली होती. मी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, परंतु बाकावर बसलेल्या सर्व रुग्णांदेखत म्हणाले की डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून याला जिकडेतिकडे खून दिसतो. पुढे बदली होईपर्यंत, असले वाचन म्हणजे रिकामटेकडेपणा, हे ते मला चहाच्या वेळी ऐकवत राहिले.

अनेक वर्षांनी ख्रिस्तींचे आत्मचरित्र हाती आले. एका नावाजलेल्या औषधविक्रेत्याकडे शिकत असताना त्याने गुदमार्गे द्यायच्या औषधी वड्यांत दशांश चिन्ह चुकवून दहापट औषध घातल्याचे त्यांच्या लक्षात आले. नवशिकी मुलगी त्याची चूक कशी काढणार? त्यांनी ठेच लागल्याचा बहाणा करून वड्यांची फळी पाडली आणि त्या पायाखाली चिरडल्या. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मलाही हे सुचले असते तर अपमान टळला असता.

१९२० साली आलेली त्यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' याच कामातून उगवली. शंभर वर्षे उलटली असल्यामुळे गुपित फोडतो: स्ट्रिक्नीन हे विष असलेल्या औषधी मिश्रणात ब्रोमाइड हे झोपेचे औषध पडले की स्ट्रिक्नीनचे स्फटिक तळाशी बसतात आणि अखेरचा डोस प्राणघातक ठरतो. मिश्रणाच्या बाटल्यांवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून "हलवून घ्या" असे बजावणाऱ्या माणसालाच या युक्तीची खरी भीती कळते. ते वाचन रिकामटेकडे म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे की १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेल्या एका बाळाला थॅलियम या विषारी धातूची विषबाधा झाली असावी, असा संशय डॉक्टरांच्या आधी एका परिचारिकेला आला, कारण ती तेव्हा ख्रिस्तींची 'द पेल हॉर्स' ही कादंबरी वाचत होती आणि तिच्यात याच विषाची लक्षणे आहेत.

अर्थात त्यांच्या सर्वच पुस्तकांत विष नाही, काही पुस्तके सुमार आहेत, आणि उपचार कादंबरी वाचून करायचे नसतात. आरंभ 'स्टाइल्स'पासून करावा. मात्र उकल मी वर सांगून बसलो आहे, तेव्हा 'द पेल हॉर्स' घ्या. ते डॉक्टर आता निवृत्त होऊन नागपुरात राहतात असे ऐकतो. हे उत्तर त्यांच्या वाचनात आले तर एवढेच कळावे की त्या दिवशीची पहिली चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.