नात बदकासारखी चालते, वॉकर आणू का?

प्रश्न : माझी नात १४ महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपासून एकटी चालते, पण पाय फाकवून, हात वर धरून. टाच आधी टेकत नाही, अख्खं पाऊल आपटते. पायही बाकदार वाटतात. वॉकर आणला तर चाल सुधारेल का?
– एक आजी, सातारा

उत्तर : चालत्या मुलीला वॉकर कशाला, आजी? तिची चाल वयाला धरूनच आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे तोल चटकन जातो. पाय फाकवले की आधार रुंद होतो, हात वर धरले की धड सावरतं. एका पायावर अंग पेलायची ताकद अजून कमी, म्हणून पावलं आखूड आणि घाईची पडतात. वर्षाचं मूल मिनिटाला १७५च्या आसपास पावलं टाकतं. आपण साधारण ११५.

आधी हात खाली येतील, मग पाय जवळ. दीड-दोन वर्षांची होईतो टाच आधी टेकू लागेल, पायाबरोबर उलट हात हलेल. मोठ्यांसारखी चाल यायला सातवं वर्ष उजाडतं.

घरी शहाबादी फरशी असेल तर तिचे पाय ओले करून चालवा आणि ठसे बघा. दोन्ही बाजूंचं पाऊल सारखं पडतंय ना, एवढंच पाहायचं. तळव्याची कमान उमटणार नाही. तिथे अजून चरबीची गादी आहे.

बाक दोन वर्षांपर्यंत जातो. तीन-चार वर्षांची झाली की उलट गुडघ्याला गुडघा लागेल, तोही पुढे सुटतो. मात्र दोन वर्षांनंतर बाक वाढला, एकाच पायात असला किंवा मनगटं रुंद दिसली, तर मुडदूस (हाडं मऊ पडायचा आजार) आहे का ते तपासून घ्या.

गोल वॉकरमध्ये मूल लोंबकळतं, चवड्यांनी ढकलतं, स्वतःची पावलंही त्याला दिसत नाहीत. तोल शिकायचा प्रश्नच येत नाही, वर जिन्यावरून पडायची भीती. कॅनडात २००४पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. हौसच असेल तर लाकडी पांगुळगाडा आणा. त्यात भार मुलाच्याच पायांवर राहतो. गुळगुळीत टाइल्सवर तो पळतो, तेव्हा खाली सतरंजी घाला. घरात अनवाणीच फिरू द्या.

एक पाय ओढत असेल, सतत चवड्यांवरच चालत असेल किंवा एकच हात वापरत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. जाताना चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात पोरं कडेवरून उतरत नाहीत.