आजोबांची सहा कोनांची गळकाठी : ओळखायची कशी, वापरायची कशी

भाऊ, तुम्ही विचारायलात की परभणीच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची तीन तुकड्यांची मासे धरायची काठी सापडली, पितळी जोड, कॉर्कची मूठ, लाल दोऱ्याचे वेढे, तर ही नेमकी काय चीज आहे आणि येलदरी धरणावर नेऊन हिच्यावर कटला काढता येईल का. कटल्याचं आधीच सांगून टाकतो, नका काढू, लई जड मासा तो. बाकीचं सावकाश.

फोटो मोठा करून बघितला. काठी गोल नाही, सहा कोनांची आहे. म्हणजे ही स्प्लिट केन. अख्खा बांबू नसतो हा, बांबू उभा चिरून त्याच्या सहा तिकोनी पट्ट्या तासतात आणि एकमेकाला चिकटवतात. आणि बांबू चीनच्या दक्षिणेकडचा, टोंकिन म्हणतात त्याला, म्हणजे शिक्का इंग्लंडचा असला तरी कळक चीनचाच! फायबरग्लासच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या, तोवर भारी काठी म्हणजे हीच.

मुठीजवळ पुसट अक्षरात 'वर्ड' आणि 'रेडिच' एवढं वाचता येतंय म्हणता, तर ती मिलवर्ड कंपनीची असणार. रेडिच म्हणजे इंग्लंडातलं सुयांचं गाव, सुया करता करता ती मंडळी गळ करायला लागली (सुई वाकवली की गळच की) आणि मग काठ्या. ऑलकॉक पण तिथलीच. हार्डी कंपनी वेगळी, ती इंग्लंडातल्याच अ‍ॅलनिक गावची, 1872 पासूनची, किंमत तिलाच जास्त येते. पण तुमची हार्डी नाही म्हणून नाराज होऊ नका, युद्धानंतर लाकडी पेटीत घालून जपानी स्प्लिट केन ढिगानं विकल्या गेल्या, पेटी बघून माणूस खूश आणि काठी आतून एकदम चालू, तशी तर नाही ना ही.

रीळ बसवायची जागा मुठीच्या पार बुडाशी असेल तर ती फ्लायची काठी, पिसाची माशी फेकायची. तुमच्या फोटोत रिळाच्या खाली पण हातभर मूठ दिसतीय आणि दोरा ओवायच्या कड्या मोठ्या आहेत, म्हणजे आमिष लावून फेकायची. आपल्याकडं हीच कामाची.

आता तपासणी. जुन्या काठ्यांत पट्ट्या सरसनं चिकटवलेल्या असायच्या, तीच आपल्या सुतारांची सरस. तिला ऊन आणि ओल दोन्ही चालत नाही आणि तुमची काठी पत्र्याखाली मराठवाड्याचे किती उन्हाळे काढून बसलीय देव जाणे. म्हणून एकेक तुकडा कानाजवळ धरून हळूच हलवा, आतून करकर आवाज आला किंवा शिवणीत नख शिरलं तर पट्ट्या सुटल्यात, वापरू नका, भिंतीवर लावा. मग टोकाकडून एक डोळा झाकून बघा, थोडा बाक असतोच, त्याला काय नाही होत. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा, कापूस अडकला तर कडीला चीर आहे आणि ती चीर दोरा कापणार.

आणि एक, हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर लावू नका. माझ्या मामांची अशीच एक काठी होती, मी बी.कॉम.ला असताना दिवाळीत उत्साहानं घासून काढली, पिवळीधमक लखलखीत झाली, घरात सगळ्यांनी कौतुक केलं. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या धाग्यात असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ते धागेच भुकटी करून अंगणात झाडून टाकले होते. पुढं दीड-दोन किलोच्या रोहूनं शेंडा असा वाकवला की तो आजपर्यंत सरळ झाला नाही, विळा दिसतो. तुम्ही नुसतं ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. दोऱ्याचे वेढे सुटले असतील तर पटवेकऱ्याकडं रेशीम मिळतं, ते गुंडाळा आणि तेवढ्यावरच पातळ वार्निश.

जोड लावताना सरळ आत ढकलायचा, काढताना सरळ ओढायचा. पिळायचा नाही! पिळला की पट्ट्या उकलतात. अडकला तर उकिडवे बसा, काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्या, मांड्यांच्या बाहेरून दोन्ही हातांनी जोडाच्या अल्याड-पल्याड धरा आणि गुडघे बाहेर फाकवा, हात नुसते धरून ठेवायचे, जोर गुडघ्यांचा. बायको हसंल, हसू द्या.

वापरायची तर चिलापीवर, लहान मृगळवर. गांडूळ किंवा कणकेचा गोळा, हलकं शिसं, बस. मरळ पण नको, ती सरळ शेवाळात घुसते आणि मग आपण काठीनं ओढतो. गळ अडकला तर काठी दोऱ्याच्या सरळ रेषेत धरायची आणि दोरा हाताला फडकं गुंडाळून ओढायचा, दोरा तुटला तर दहा रुपये गेले, शेंडा तुटला तर मिळणार कुठं. धरणावर बसायच्या आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा, ठेका त्यांचा असतो, भोई मंडळी नीट विचारलं तर जागा पण दाखवतात. जायकवाडीला जायचा विचार असेल तर ते पक्षी अभयारण्य पण आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय नको.

घरी आल्यावर ओली काठी नळकांड्यात घालू नका, रात्रभर सावलीत राहू द्या, मग सुती पिशवीत घालून खुंटीला उभी टांगा, भिंतीला टेकवून ठेवली की वाकते. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

रिळावरचा तो जुना दोरा तेवढा हातभर काढून झटका देऊन बघा. रेशमी असेल तर सुतासारखा तुटंल, मग सगळा काढून नवा नायलॉन भरा, पण लई जाड नको, काठीच्या आधी दोरा तुटला पाहिजे असा घ्या. रिळाचा मागच्या बाजूनं एक फोटो टाका, कारण रिळाचं नाव मला दिसंना.