घरी बनवलेलं कोलॉइडल सिल्व्हर (चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी) माश्यांना द्यायच्या साखरपाकात घातलं तर मधमाश्या निरोगी राहतात का?

नका घालू. चांदीच्या दोन तारा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून बॅटरी जोडली की धन तारेतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात, ऋण तारेवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात आणि थोडी चांदी काळ्या बुरशीसारखी साचते. बाटलीत उतरतात ते बरेचसे आयन. पिवळसर झाक दिसली तर ती कणांची. करंट वाढावा म्हणून काहीजण चिमूटभर मीठ टाकतात, मग सिल्व्हर क्लोराइड होऊन पाणी दुधाळ होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडाही फसवा, कारण तो फक्त वाहकता मोजतो, चांदी नव्हे.

म्हणजे डोस किती, हेच माहीत नाही. त्यात चांदीला चांगले-वाईट जिवाणू वेगळे ओळखता येत नाहीत, आणि माशीच्या आतड्यातले उपयोगी जिवाणूच परागकण पचवायला मदत करतात. वरोआ हा माश्यांच्या अंगावर जगणारा माइट, कोळ्याच्या कुळातला जीव, त्याच्यावर जंतुनाशक काय करणार? शिवाय चांदी मधात उतरण्याची भीती वेगळीच.

त्यापेक्षा पेटी उघडून बघा. अळ्यांच्या घरांची झाकणं खचलेली, भोकं पडलेली दिसली तर आत काडी फिरवून हळू बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाचा दाट संशय. त्याचे बीजाणू कित्येक दशकं टिकतात, तेव्हा चौकटी दुसऱ्या पेटीत हलवू नका, नमुना तपासायला द्या. वरोआसाठी पिठीसाखरेत माश्या घोळवून गळालेले माइट मोजा, मग ऑक्झॅलिक आम्लाचा विचार करा, तोही पेटीत झाकणबंद घरांतल्या अळ्या नसताना.