कुनित्सु-गामीची समीक्षा लिहिताना तलवारीआधी दिवसाच्या तयारीकडे पाहा

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की ‘कुनित्सु-गामी: पाथ ऑफ द गॉडेस’ या व्हिडिओ गेमची पहिली काही गावे तुम्ही खेळलात, वार मोजकेच असल्याने तलवारबाजी लवकरच ओळखीची वाटू लागली, आणि ज्या संकेतस्थळासाठी तुम्ही लिहिता त्यांना परवापर्यंत ‘ॲक्शन’ विभागात गुणांसह समीक्षा हवी आहे. जपानी लोकश्रद्धांचा भाग मराठी वाचकाला कसा समजावून सांगावा, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. याच खेळाच्या बाबतीत मी नेमक्या याच पेचातून गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी व्यावसायिक समीक्षक नाही. खाली जे लिहिले आहे ते एका अनुभवावर आणि खेळ शेवटपर्यंत खेळल्यावर बनलेल्या मतावर आधारलेले आहे, आणि तुमचे मत वेगळे होऊ शकते.

खेळ कोणत्या यंत्रांवर चालतो, बटणे कशी बदलावीत, चित्रणाची सेटिंग किती ठेवावी, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीने हा खेळ १९ जुलै २०२४ रोजी आणला, शुइची कावाता त्याचे दिग्दर्शक आहेत आणि पहिल्या दिवसापासून तो गेम पास या वर्गणीच्या सेवेवर होता, एवढी माहिती समीक्षेच्या एका ओळीत मावते.

या खेळाची समीक्षा लिहिताना मला सर्वांत महाग पडला तो संपादन विभाग. ज्या संकेतस्थळासाठी मी लिहिले त्याचे नाव घेत नाही. त्यांचा एक ठरलेला नमुना होता: चित्रण, संगीत, कथा आणि लढाई असे चार रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण, चारही रकान्यांची सरासरी म्हणजे अंतिम गुण, आणि मजकूर तीनशे शब्दांच्या आत. नियोजनाला, म्हणजे खेळाडूला करावा लागणारा विचार, जागेची निवड आणि खर्चाचा हिशेब यांना, त्या नमुन्यात स्थानच नव्हते. एक पाचवा रकाना द्यावा किंवा हा खेळ ‘स्ट्रॅटेजी’ विभागातही दाखवावा, असे मी लेखी कळवले. उत्तर आले की वाचक एवढे बारकावे पाहत नाहीत आणि तलवार हातात असेल तर तो ॲक्शन गेमच. नंतर माझ्या मजकुरातला गावकऱ्यांच्या नेमणुकीवरचा पूर्ण परिच्छेद जागेअभावी काढण्यात आला, वर शत्रूंचा खात्मा करणाऱ्या योद्ध्याविषयीचा मथळा चढवण्यात आला आणि ‘लढाई’च्या रकान्यातल्या मध्यम गुणांनी सरासरी खाली ओढली. ज्यांना वेगवान तलवारबाजी हवी होती त्यांनी तो मथळा वाचून खेळ घेतला आणि त्यांची निराशा झाली. ज्यांना डोके चालवायला आवडते त्यांच्यापर्यंत समीक्षा पोहोचलीच नाही, कारण ते त्या विभागात फिरकतच नाहीत. माझ्या नावाखाली एका चांगल्या खेळाविषयी चुकीचे चित्र उभे राहिले याचे मला आजही वाईट वाटते. दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रांना नंतर उत्तरही आले नाही.

म्हणून माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला असा की मजकूर लिहायला बसण्याआधी संपादकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या: वर्गवारी कोण ठरवणार, आणि नियोजनावरचा मजकूर तुम्हाला न विचारता कापला जाणार नाही. हे मिळत नसेल तर गुण देण्यास नम्रपणे नकार द्या. काही जणांना हे टोकाचे वाटेल, पण या खेळापुरते तरी मी त्यावर ठाम आहे, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे.

दिवसभर तुम्ही सोह या तलवारधारी पात्राच्या रूपाने गावात फिरता, साचलेला विटाळ साफ करता, त्यात अडकलेल्या गावकऱ्यांना सोडवता आणि मिळतील तेवढे स्फटिक गोळा करता. या स्फटिकांवर दोन बाजूंनी हक्क असतो. योशिरो ही कुमारिका नृत्य करत तोरीपर्यंत, म्हणजे त्या पवित्र कमानीपर्यंत, चालत जाते आणि तिच्यासाठी वाट आखायला स्फटिक लागतात. गावकऱ्यांना मुखवटे देऊन लाकूडतोड्या, तिरंदाज, तपस्वी, सुमो मल्ल अशा भूमिका सोपवायच्या तर त्यालाही तेच स्फटिक लागतात. सूर्य मावळला की त्याच तोरीतून राक्षसांच्या झुंडी बाहेर पडतात आणि सरळ योशिरोच्या दिशेने येतात. सोह कोसळला तर तो काही काळ आत्म्याच्या रूपात राहतो आणि पुन्हा उभा राहू शकतो, पण योशिरो गेली तर सगळेच संपते.

आता यातला खरा प्रश्न पाहा. दुपार कलली आहे, योशिरोला अजून पुढे नेण्याइतके स्फटिक हाताशी आहेत, पण तिला पुढे नेले तर ती रात्री तिन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या चौकात उभी राहील, आणि मागेच थांबवले तर अरुंद वाटेवर बचाव सोपा होईल, पण उद्याचा दिवस चालण्यातच जाईल. त्यातच एक गावकरी अजून सुटलेला नाही आणि तो सुटला तर आणखी एक तिरंदाज मिळेल, पण त्याच्या भूमिकेसाठी स्फटिक उरतील का? खेळाची सगळी गंमत या निर्णयात आहे, आणि रात्रीची तलवारबाजी हा त्या निर्णयाचा निकाल आहे. ‘लढाई’ला वेगळे गुण देणाऱ्याला तो निकाल तेवढा दिसतो. तलवारीचे वार मोजकेच आहेत हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि ते लिहायलाच हवे, पण सोह एका ठिकाणी लढत असताना गाव दुसऱ्या बाजूने पडू नये, यासाठीच वार मोजके ठेवले आहेत असे मला वाटते. रात्री आज्ञा देताना वेळ थांबवता येतो, गावकऱ्यांच्या जागा हलवता येतात, आणि ही सोय जितकी वापराल तितकी तलवारीची उणीव कमी जाणवते.

गावकऱ्यांच्या भूमिकांवर तरी एक परिच्छेद लिहाच. तपस्वी शत्रूंचा वेग कमी करतो, सुमो मल्ल त्यांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, तिरंदाज उडणाऱ्या राक्षसांना दुरून पाडतो, चोर दिवसा जमिनीत पुरलेल्या वस्तू शोधून काढतो. तपस्व्याला वाटेच्या तोंडाशी बसवून मागे तिरंदाज ठेवले तर काय होते, हे एका रात्रीच्या उदाहरणाने सांगितले की वाचकाला खेळाचा स्वभाव लगेच कळतो.

फक्त सुरुवातीची गावे खेळून समीक्षा देऊ नका, हे मी मुदतीची अडचण माहीत असूनही सांगतो. पुढे एका टप्प्यात नावेच्या मर्यादित जागेत बचाव करावा लागतो, एकात अंधारात दिवे पेटवत जावे लागते, आणि एकात सोहला स्वतः लढताच येत नाही व सगळी भिस्त गावकऱ्यांवर राहते. या टप्प्यांत खेळ आपलेच नियम वाकवतो आणि सुरुवातीला एकसुरी वाटलेली रचना किती विचारपूर्वक केली आहे हे तिथे कळते. परवापर्यंत तिथे पोहोचणे शक्य नसेल, तर ‘पहिल्या भागावर आधारित’ असे शीर्षकातच लिहा आणि गुण राखून ठेवा.

लोकश्रद्धांविषयी. मराठी वाचकासाठी सगळे आपल्याकडच्या नावांनी सांगण्याचा मोह होतो आणि संपादकही तसे सुचवतात. माझ्या मते तो मोह टाळावा. योशिरोचे नृत्य कागुरा परंपरेतले आहे, म्हणजे शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्मात देवतांसमोर केल्या जाणाऱ्या नृत्याच्या परंपरेतले. या परंपरेचे मूळ एका पुराणकथेत सांगितले जाते. सूर्यदेवता आमातेरासू गुहेत लपली आणि जग अंधारले, तेव्हा आमे-नो-उझुमे हिने गुहेसमोर नृत्य केले आणि तिला बाहेर आणले. इ. स. ७१२ मधल्या कोजिकी या ग्रंथात ही कथा आहे. ती दोन वाक्यांत सांगितली तर नृत्याने अंधार दूर करण्याचा खेळातला प्रसंग वाचकाला आपोआप उमगतो, त्यासाठी दुर्गा किंवा अंबाबाईची उपमा लागत नाही. विटाळ आणि शुद्धी ही जोडीही शिंतो विचारात केंद्रस्थानी आहे आणि दिवसाच्या साफसफाईला त्यातूनच अर्थ मिळतो. खेळातले भुकेने वखवखलेले गाकी हे राक्षस मात्र बौद्ध परंपरेतून जपानमध्ये गेले आणि त्यांचे नाते भारतातल्या प्रेतकल्पनेशी आहे. हा दुवा खरा आहे, तो अवश्य द्या. मुखवटा चढवताच माणसाची भूमिका बदलते हे पाहून मला जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव आठवला होता, परंतु दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे तसा उल्लेख केलात तर तो आठवण म्हणूनच करा.

आणखी एक उपयुक्त माहिती. खेळ प्रकाशित झाला त्या सुमारास कॅपकॉमने ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहाबरोबर याच कथेची पूर्वपीठिका कठपुतळी नाट्यात सादर केली. बुनराकूमध्ये मुख्य बाहुली तीन कलाकार मिळून चालवतात, एक निवेदक सगळ्या पात्रांचे बोल म्हणतो आणि शामिसेन या तंतुवाद्याची साथ असते. खेळात पात्रे फारशी बोलत नाहीत, हालचाल, वेशभूषा आणि वाद्ये यांतून प्रसंग उभा राहतो, ही गोष्ट त्या नाट्यप्रकाराकडे पाहिल्यावर अधिक चांगली समजते. ‘कथा’ या रकान्यात कमी गुण देण्याआधी याचा विचार करावा असे मला वाटते, जरी पात्रांशी जवळीक थोडी कमी राहते हे मलाही मान्य आहे.

उणिवा लपवू नका. सोडवलेल्या गावांची डागडुजी करण्याचे काम सुरुवातीला समाधान देते, पण नंतर तेच ते वाटते. मोठ्या राक्षसाभोवती गर्दी झाली की दृश्याचा कोन गोंधळात टाकतो. प्रत्येक टप्प्यावरची अतिरिक्त आव्हाने पहिल्याच खेपेस पूर्ण करण्याचा हट्ट धरला तर रस कमी होतो, ती पुन्हा खेळताना करावीत. भूमिकांच्या सुधारणेसाठी वापरलेले मुसुबी गुण हवे तेव्हा परत घेता येतात, ही सोय अनेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही एखाद्या राक्षसापाशी अडला असाल तर मुसुबी गुण परत घ्या, त्या लढाईत उपयोगी पडणाऱ्या भूमिकांवर ते लावा आणि पुन्हा प्रयत्न करा, म्हणजे मुदतीआधी पुढची गावे पाहायला थोडा वेळ मिळेल.

संपादकांना पत्र लिहायचे असेल तर मसुदा इथे टाका, मी वाचून सुचवेन. वर्गवारीचा मुद्दा पहिल्याच वाक्यात ठेवा, कारण माझ्या पत्रात तो तिसऱ्या परिच्छेदात होता आणि आलेल्या उत्तरावरून तिथपर्यंत कोणी वाचले असेल असे वाटत नाही.