कार्बो पुरे, आता आइक विल्यम्स घे

प्रिय पोरी,

लेख मिळाला. वाचायला घेतला आणि मध्ये खाली ठेवला नाही, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं झेपेल. अमेरिकेतल्या बॉक्सिंगवर पडद्यामागून राज्य करणारा गुंड फ्रँकी कार्बो तुझ्या हातून झकास उतरलाय. ‘मिस्टर ग्रे’ हे टोपणनाव, मर्डर इन्कॉर्पोरेटेड या मारेकऱ्यांच्या टोळीशी संबंध, हलवलेली सूत्रं, सगळं आहे. अडचण एवढीच की वाचणारा त्याच्यावर लट्टू होईल. गुंडांवर लिहिताना हे आपोआप होतं. आपल्याकडे मुंबईच्या भाईलोकांवर लिहिणाऱ्यांचंही बरेचदा हेच झालंय.

कार्बोची ताकद पिस्तुलात शोधू नकोस, लढतींच्या तारखांमध्ये शोध. कोणाला कोणाशी, कधी आणि कुठे लढायला मिळणार हे ज्याच्या हातात असतं, त्याला रोज नुरा कुस्ती लावावी लागत नाही. दोन्ही कोपऱ्यांत आपलीच माणसं असली की जिंको कोणीही.

बॉक्सर जेक लामोटाचा उतारा बघ. तू लिहिलंयस की १४ नोव्हेंबर १९४७ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो पैशासाठी बिली फॉक्सकडून हरला. पैशासाठी नव्हे गं! १९४३ मध्ये त्याने शुगर रे रॉबिन्सनला हरवलं होतं. रॉबिन्सनचा तो पहिला व्यावसायिक पराभव. एवढं करूनही मिडलवेट विजेतेपदाच्या लढतीसाठी त्याला कोणी विचारेना. फॉक्ससमोर हरण्याच्या बदल्यात त्याला हवी होती ती ही लढत. आणि हरला तरी कसा? दोरांना टेकून उभा राहिला, ठोसे अंगावर घेत राहिला, पण खाली पडेना. पडण्याचं नाटक त्याच्याच्याने झालं नाही. शेवटी चौथ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. सट्ट्याचा भाव तर आधीच फॉक्सच्या बाजूने फिरला होता. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनने शिक्षा केली ती दुखापत लपवल्याबद्दल: हजार डॉलर दंड आणि सात महिने बंदी.

कबुली आली थेट १९६० मध्ये, बॉक्सिंगमधल्या गुंडांची चौकशी करणाऱ्या सिनेटर कीफॉव्हर यांच्या उपसमितीपुढे. १९४९ मध्ये तेव्हाचा विजेता मार्सेल सेर्दां याच्याविरुद्धची विजेतेपदाची लढत पदरात पडायला आणखी २०,००० डॉलर मोजावे लागले, हेही त्याने तिथेच सांगितलं. म्हणजे हरायचंही आणि वर पैसेही भरायचे. हा हिशेब तुझ्या लेखात नाही, आणि लेखाचा जीव तिथेच आहे.

लढती भरवणाऱ्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या कंपनीला तू एका ओळीत उरकलंस. तिथे पानभर थांब. १९४९ मध्ये हेवीवेट विजेता जो लुईस निवृत्त झाला तेव्हा जेम्स नॉरिस आणि आर्थर वर्ट्झ या धनाढ्यांनी त्याला दीड लाख डॉलर दिले आणि चार प्रमुख आव्हानवीरांच्या लढती भरवायचे हक्क त्याच्यामार्फत आपल्याकडे घेतले. पुढे १९५३ पर्यंत अमेरिकेत झालेल्या विश्वविजेतेपदाच्या ४४ लढतींपैकी ३६ मध्ये या क्लबचा हात होता. विजेतेपदासाठी लढायचं तर आधी क्लबशी करार करायचा, असा सगळा मामला. त्यात टीव्ही आला. बुधवारी बिअर कंपनीने प्रायोजित केलेली लढत, शुक्रवारी जिलेट ब्लेडवाल्यांची. दर आठवड्याला दोन बऱ्या लढती दाखवायच्या म्हटल्यावर बॉक्सर पुरवणारा माणूस लागणारच, आणि तो माणूस कार्बो. त्याच्या मैत्रिणीला क्लबच्या वर्तुळातून तीन वर्षांत ४५,००० डॉलर पगार म्हणून गेले. कोट्यधीशाने गुंडाला पाळलं की गुंडाने कोट्यधीशाला, हे मला आजवर नीट ठरवता आलेलं नाही. तू प्रयत्न कर.

आणि आइक विल्यम्स? त्याचं नावसुद्धा तू घेतलेलं नाहीस, याचा मला खरा राग आला. १९४५ ते १९५१ लाइटवेटचा विजेता. व्यवस्थापकापासून सुटू पाहिलं तर व्यवस्थापकांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, त्याला वाळीत टाकलं. लढत मिळेना. तेव्हा फ्रँक ‘ब्लिंकी’ पालेर्मो आला आणि म्हणाला, मी मिटवतो. मिटलं, आणि विल्यम्स त्याचा झाला. पालेर्मो फिलाडेल्फियातला, आकड्याच्या धंद्यातला. आपल्या वाचकाला हा धंदा समजवावा लागणार नाही. मुंबईचा आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरच लागायचा. बिली फॉक्सही याच पालेर्मोचा, हे विसरू नकोस.

विल्यम्सच्या दोन लढतींचं मिळून साठ हजारांवर डॉलर मानधन पालेर्मोने परस्पर ठेवून घेतलं. विल्यम्सच्या हातात दमडी आली नाही, पण त्या रकमेवरचा प्राप्तिकर मात्र त्यानेच भरला. हरण्यासाठी लाच देऊ केली तेव्हा आपण ती नाकारली, असंही त्याने उपसमितीला सांगितलं. न मिळालेल्या पैशांवर कर भरणारा विश्वविजेता! कार्बोच्या पिस्तुलापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटतं.

हेवीवेट विजेता प्रिमो कार्नेराचा परिच्छेद काढून टाक. तो दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांचा, न्यूयॉर्कचा गुंड ओनी मॅडनच्या गोतावळ्यातला. मॅक्स बेअरने १९३४ मध्ये त्याला अकरा वेळा लोळवलं, हे वाचायला रंगतदार आहे, पण त्याच्यावर पुढे वेगळा लेख होईल.

शेवट तू कार्बोच्या २५ वर्षांच्या शिक्षेवर केलास. ठीक. पण शिक्षा झाली कोणामुळे? लॉस एंजेलिसचा प्रमोटर जॅकी लेनर्ड. वेल्टरवेट विजेता डॉन जॉर्डनच्या कमाईत वाटा हवा म्हणून त्याला धमक्या आल्या, मारहाण झाली. तरी तो पोलिसांकडे गेला आणि बोलणी ध्वनिमुद्रित होऊ दिली. १९६१ च्या त्या खटल्यात पालेर्मोलाही १५ वर्षं झाली. क्लब मात्र त्याआधीच, १९५९ मध्ये, सुप्रीम कोर्टात मोडला होता, मक्तेदारीच्या कायद्याखाली. तुझ्या लेखात हे दोन्ही एकच झालंय, वेगळं कर.

उपसमितीपुढच्या साक्षी मुळातून वाच. कार्बोची पानं वगळलीस तरी चालेल, तो प्रत्येक प्रश्नाला ‘स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला मला भाग पाडता येणार नाही’ हेच वाक्य म्हणून गप्प बसतो. बॉक्सरांची उत्तरं सावकाश वाच आणि वहीत दोन रकाने कर: कबूल किती, हातात किती. मग पुन्हा लिहायला बस. आणि मथळ्यातला तो ‘डॉन’ काढ.

तुझा,
सर